मदत हवी आहे: १९६५ च्या युद्धातल्या आजोबांचं सर्व्हिस रेकॉर्ड

आजोबा जुन्या नाशकातले, ग्रेनेडियर्स या पायदळाच्या रेजिमेंटमध्ये शिपाई. घरात सांगतात की पलटण चौथी, म्हणजे परमवीर अब्दुल हमीद यांचीच. याच पलटणीने पंजाबात खेमकरणला पाकिस्तानचे पॅटन रणगाडे अडवले. खरंच तीच का, हे मला कागदावर बघायचं आहे. मोहल्ल्यातल्या पोरांना हमीद माहीत आहेत; आपल्याच गल्लीतून कोणी लढायला गेलं होतं, हे माहीत नाही. ते कळायला हवं.

हाती फक्त रक्षा पदक आहे. कडेवर नंबर, नाव कोरलंय. नाव वाचता येतं, पण नंबरचे शेवटचे आकडे पार झिजलेत. भिंग लावलं, कागद ठेवून पेन्सिल घासली, उपयोग नाही. डिस्चार्ज बुक हरवलं. पेन्शन नव्हती, त्यामुळे पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद) नाही. आजीही हयात नाही. नाशिक रोड कॅम्पात तोफखान्याचं रेकॉर्ड असतं, ग्रेनेडियर्सचं जबलपूरला, एवढं माहीत आहे. पैशाचा कुठलाही दावा नाही.

अर्धवट नंबर, नाव, वडिलांचं नाव आणि गाव एवढ्यावर जबलपूरला शोध घेतात का? अर्ज थेट पाठवावा की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत, आणि नातू असल्याचा कोणता पुरावा जोडावा?