मदत हवी आहे: आयबीएसमुळे बहिणीचे खाणे कमी होत चालले आहे

धाकट्या बहिणीला आयबीएससाठी (वारंवार पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी होणारा आतड्यांचा विकार) लो-फॉडमॅप आहार, म्हणजे आतड्यात नीट न शोषली जाणारी व वायू करणारी काही कर्बोदके टाळण्याचा आहार, सुचवला होता. त्यातला पदार्थ वर्ज्य करण्याचा टप्पा साधारण २ ते ६ आठवड्यांचाच असतो आणि नंतर एकेक पदार्थ पुन्हा खाऊन पाहायचा असतो, पण ती त्या टप्प्यातून बाहेर यायलाच तयार नाही. कुठे जायचे असले की आदल्या रात्रीपासून उपाशी राहते. दीर्घकाळ कमी खाल्ल्याने जठर सावकाश रिकामे होते, पोट फुगते, बद्धकोष्ठ होते, म्हणजे ज्या त्रासापायी ती खाणे सोडते तोच वाढतो; त्यात वजन उतरल्याचे कौतुक करणारे नातेवाईक आहेतच! पोटविकारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांचे उपचार एकत्र घेतलेल्या कोणी येथे असल्यास, सुरुवात कोणापासून केली आणि घरच्यांनी हा विषय कसा काढलेला तुम्हाला रुचला, हे कृपया सांगावे.