कोल्हापूर ते मुंबई : हवाई अंतर किती आणि तासभर का लागतो?

प्रश्न (राजारामपुरी)
वडिलांना तपासणीसाठी मुंबईला न्यायचे आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेसचा रात्रभराचा प्रवास आता त्यांना झेपत नाही, म्हणून विमानाचा विचार करत आहे. रेल्वेने हे अंतर 518 किलोमीटर आहे आणि महामार्गाने पावणेचारशेच्या आसपास. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाहून मुंबई विमानतळाचे हवाई अंतर किती असेल? विमान ताशी 500 किलोमीटरने उडत असेल, तर वेळापत्रकात सुमारे तासभर का धरतात?

उत्तर (उचगाव)
हवाई अंतर सुमारे 309 किलोमीटर आहे आणि ते आपण स्वतः काढून पाहू शकता. उजळाईवाडी साधारण 16.66 उत्तर अक्षांश व 74.29 पूर्व रेखांशावर आहे, तर मुंबईचा विमानतळ 19.09 व 72.87 वर. अक्षांशांतील फरक 2.43 अंश आणि एका अंशाला 111 किलोमीटर, म्हणजे उत्तरेकडे सुमारे 270 किलोमीटर. रेखावृत्ते मात्र ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात, त्यामुळे आपल्या पट्ट्यात रेखांशाच्या एका अंशाला 106 किलोमीटरच भरतात आणि पश्चिमेकडचे अंतर 150 किलोमीटर येते. आता काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढा. रेल्वे मिरज, सातारा, पुणे असा वळसा घेते, म्हणून ते अंतर एवढे वाढते.

ताशी 500 या वेगाने हे अंतर 37 मिनिटांत संपायला हवे, हे खरे आहे. परंतु तो वेग विमानाने उंची गाठल्यावरचा असतो, आणि एवढ्या जवळच्या प्रवासात बराचसा वेळ वर चढण्यात आणि खाली उतरण्यात जातो. शिवाय वेळापत्रकातील वेळ म्हणजे केवळ हवेतील वेळ नव्हे. विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा सगळा काळ त्यात मोजतात.

उत्तर (रुईकर कॉलनी)
यात मुंबईचा वाटा मोठा आहे. तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमाने उतरवता येत नाहीत. गर्दीच्या वेळी येणाऱ्या विमानाला आकाशातच घिरट्या घालत थांबावे लागते, आणि हा संभाव्य विलंब गृहीत धरूनच वेळापत्रक आखतात.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. मग त्याच दिवशी दुपारी डॉक्टरांची वेळ घ्यावी का?

उत्तर (उचगाव)
पावसाळ्यात तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ढग खाली उतरून दृश्यमानता घटली, तर विमान उशिरा सुटते किंवा रद्दही होते, आणि आजारी माणसाची त्यात फार ओढाताण होते. आदल्या दिवशी पोहोचावे. चाकांची खुर्ची हवी असल्यास तिकीट काढतानाच तशी नोंद करावी. ऐन वेळी मागितल्यास वडिलांना ताटकळत बसावे लागेल.