१४५३ आणि प्रबोधन: ही गाठ सोडवायला हवी

शाईदौत:
गेल्या आठवड्यात भाचीची स्पर्धा परीक्षेची वही चाळत होतो. एका पानावर बाण काढून तीन ओळी लिहिलेल्या: १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, ग्रीक पंडित ग्रंथ घेऊन इटलीत पळाले, युरोपात प्रबोधन सुरू झालं. शाळेत मीही हेच घोकलं होतं. पण हे बरोबर नाही, आणि एवढ्या मोठ्या घटनेबद्दल मुलांनी चुकीचं पाठ करावं याचं मला वाईट वाटतं.

नुसत्या तारखा लावून बघा. १४५३ साली इटालियन कवी पेट्रार्क जाऊन ७९ वर्षं झाली होती. चित्रकार मसाच्चो जाऊन २५. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट १४३६ मध्ये पुरा झाला होता आणि तो बांधणारा ब्रुनेलेस्की १४४६ मध्ये वारलासुद्धा होता. ज्यांच्यामुळे हे सगळं सुरू झालं म्हणतात ते पंडित यायच्या आधी निम्मं काम झालेलं होतं.

माझ्या मते सुरुवात १३४५ च्या आसपासची. वेरोनाच्या कॅथेड्रलमधल्या ग्रंथसंग्रहात पेट्रार्कला प्राचीन रोमचा वक्ता आणि राजकारणी सिसेरो याची खासगी पत्रं सापडली. त्याने ती नकलून घेतली आणि मग चक्क सिसेरोला पत्र लिहिलं, जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला! म्हातारपणी राजकारणाच्या भांडणात कशाला पडलास म्हणून त्याला रागावला. मला हे फार हलवून जातं. जुन्या ग्रंथाकडे पोथी म्हणून न बघता समोर बसलेल्या माणसासारखं बघणं, ही नजर आधी आली. याच पेट्रार्ककडे ग्रीक महाकवी होमरची ग्रीक पोथी होती आणि ती वाचता येत नाही म्हणून तो कासावीस व्हायचा. पुढे १३९७ मध्ये फ्लॉरेन्सचा चान्सलर (नगराचा मुख्य चिटणीस) सालुताती याच्या पुढाकाराने नगराने पगार ठरवून कॉन्स्टँटिनोपलहून ग्रीक पंडित मॅन्युएल क्रिसोलोरासला ग्रीक शिकवायला बोलावलं. तो पळून आलेला नव्हता, त्याला आमंत्रण होतं. पुढे मोठा विद्वान झालेला लिओनार्दो ब्रूनी तेव्हा कायदा शिकत होता. कायद्याचे गुरुजी पुष्कळ आहेत, ग्रीकचा हा एकटाच, असा विचार करून तो कायदा सोडून त्याच्याकडे गेला, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

तहान आधीची आहे. ग्रंथ मागून आले.

ओसरी:
असहमत. तारखा तुम्ही बरोबर दिल्यात, पण १४५३ हा एक दिवस म्हणून धरलात तिथे चुकलं. कॉन्स्टँटिनोपल एका रात्रीत बुडालं नाही. १३९४ पासून तुर्कांचा सुलतान बायझीद याने शहराची कोंडी केली होती. क्रिसोलोरास पश्चिमेकडे पहिल्यांदा आला तोच कॉन्स्टँटिनोपलच्या बायझंटाइन बादशहाचा दूत म्हणून, तुर्कांविरुद्ध मदत मागायला. म्हणजे तुमचं १३९७ चं आमंत्रणही त्याच संकटातून निघालेलं आहे.

पुढे १४३८-३९ मध्ये इटलीत फेरारा आणि फ्लॉरेन्सला ख्रिस्ती धर्मपरिषद भरली. बादशहा स्वतः आला, बरोबर प्लेथॉन आणि बेसारिओनसारखे विद्वान. बेसारिओन नंतर इटलीतच राहिला, कार्डिनल झाला. शहर पडल्यावर ग्रीक विद्या नाहीशी होईल या काळजीने तो जमतील तेवढे ग्रंथ गोळा करत, नकलून घेत राहिला आणि १४६८ मध्ये सगळा संग्रह व्हेनिसला देऊन टाकला. व्हेनिसलाच पुढे मुद्रक आल्दुस मानुत्सिओने १४९५ ते १४९८ मध्ये अ‍ॅरिस्टॉटल मूळ ग्रीकमध्ये छापला. त्याच्या छापखान्यात काम करणारा मुसुरोस क्रीटचा ग्रीक होता. ही माणसं वजा केली तर तुमच्या तहानेचं काय झालं असतं? वही अपुरी आहे, हे मान्य. खोटी नाही.

रंगरेषा:
मी चित्रकलेची शिक्षिका आहे. दोघांचंही वाचलं आणि थोडी खंत वाटली. तुम्ही दोघेही पोथ्यांबद्दलच बोलताय. 'कला आणि विद्या' म्हणताना कला नेहमी अशी मागे राहते.

चित्रकार जोत्तोने इटलीतल्या पादुआच्या चॅपेलमध्ये चित्रं रंगवली ती १३०५ च्या सुमारास. येशूच्या पार्थिवावर वाकलेल्या आईचा चेहरा बघा. ते दुःख कुठल्याही ग्रीक ग्रंथातून आलेलं नाही. १४०१ मध्ये फ्लॉरेन्सच्या बाप्टिस्टरीच्या (बाप्तिस्मा देण्याच्या इमारतीच्या) काशाच्या दारांसाठी स्पर्धा झाली. पैसा कापड व्यापाऱ्यांच्या गिल्डचा, म्हणजे व्यावसायिक संघाचा. गिबेर्ती जिंकला, ब्रुनेलेस्की हरला. हाच ब्रुनेलेस्की पुढे चाळीस मीटरांहून रुंद घुमट जमिनीपासून लाकडी आधार न उभारता, विटा माशाच्या काट्यासारख्या तिरक्या रचत बांधतो आणि त्यावर देखरेख लोकर व्यापाऱ्यांच्या गिल्डची. ग्रीक न येणारा, सोनारकामातून वर आलेला कारागीर होता तो! कार्यशाळेत उस्तादाच्या हाताखाली रंग घोटत, साचे ओतत जे शिकलं गेलं, त्याला माझ्या मते निम्मं श्रेय आहे.

शाईदौत:
@रंगरेषा, आधार मात्र ग्रंथांचाही होता. वास्तुकार आणि विद्वान आल्बेर्तीने १४३५ मध्ये चित्रकलेवर जे पुस्तक लिहिलं ते लॅटिनमध्ये. यथार्थदर्शनाची (सपाट चित्रात खोली दाखवण्याच्या पद्धतीची) भूमिती समजावताना तो प्रकाशशास्त्राच्या परंपरेवर उभा आहे.

रंगरेषा:
आणि त्याचीच इटालियन प्रत त्याने अर्पण केली ब्रुनेलेस्कीला. कारण यथार्थदर्शन आधी त्याने करून दाखवलं होतं. पुस्तक नंतर आलं.

हिशेबनीस:
त्या प्रकाशशास्त्राच्या परंपरेत अरब शास्त्रज्ञ इब्न अल-हैथमचं नाव घ्या की. अरबीतून लॅटिनमध्ये आलेलं त्याचं काम शतकानुशतकं वाचलं जात होतं. प्राचीन काळच्या टॉलेमीचा मोठा ग्रीक खगोलग्रंथसुद्धा बाराव्या शतकात स्पेनमधल्या टोलेडोला क्रेमोनाच्या जेरार्डने अरबीवरून लॅटिनमध्ये आणला. ग्रीक विद्येची ही वाट कॉन्स्टँटिनोपलहून जातच नाही.

आणि अंक! इटालियन गणिती फिबोनाचीने १२०२ मध्ये भारतीय अंकांनी हिशेब करायची रीत लॅटिनमध्ये मांडली. फ्लॉरेन्सच्या सराफांच्या गिल्डने १२९९ मध्ये वह्यांत हे अंक वापरायला बंदी घातली होती, तरी व्यापाऱ्यांची पोरं हिशेबाच्या शाळांत त्यांवरच त्रैराशिक शिकली. चित्रकार पिएरो देल्ला फ्रांचेस्काने तर व्यापारी गणितावर पुस्तकच लिहिलं. यावरून 'सगळं आपल्याकडूनच गेलं' असं कुणी म्हणू नये. अरबी विद्वानांनी त्यात स्वतःची मोठी भर घातली होती.

मोडीवाचक:
मला 'अंधारयुग' या समजुतीबद्दल, म्हणजे प्रबोधनाआधी युरोपात विद्येचा अंधारच होता या समजुतीबद्दल बोलायचंय, कारण शाईदौत यांच्या मांडणीत ती उघड न म्हणताही डोकावते. जुने ग्रंथ शोधत फिरणाऱ्या पोज्जो ब्राच्चोलिनीला १४१७ मध्ये जर्मन मठात प्राचीन रोमन कवी लुक्रेशियसचं काव्य सापडलं, असं आपण म्हणतो. ते इतकी शतकं टिकलं कशामुळे? नवव्या शतकात, सम्राट शार्लमेनच्या परंपरेतल्या भिक्षूंनी ते नकलून ठेवलं म्हणून. आज आपल्या हाती असलेल्या सर्वांत जुन्या प्रती त्याच काळातल्या आहेत.

आता लिपीची गंमत बघा. त्या भिक्षूंचं गोल, मोकळं अक्षर बघून मानवतावाद्यांना, म्हणजे पेट्रार्कच्या वाटेने प्राचीन ग्रंथ अभ्यासणाऱ्यांना वाटलं की हेच प्राचीन रोमन वळण. त्यांनी ते गिरवलं. मुद्रण इटलीत आलं तेव्हा त्याच वळणाचे खिळे ओतले गेले. आजचं रोमन टंक त्यातूनच आलं. १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, ते मराठी असूनही रोमन अक्षरांत. 'जैसी हरळांमाजी रत्नकिळा' असं आपल्या भाषेचं कौतुक ज्या ओव्यांत आहे, त्या पहिल्यांदा छापल्या गेल्या अशा अक्षरात, ज्याची नाळ नवव्या शतकातल्या मठांशी आहे. मी मोडी वाचतो, म्हणून वळण कुठून कुठे जातं याचा मला जास्त जिव्हाळा.

ओसरी:
सुंदर. आणि प्रसाराबद्दल बोलायचं तर मुद्रणच. १४६२ मध्ये जर्मनीतलं माइन्झ शहर लुटलं गेलं, तिथले छपाईचे कारागीर पांगले. १४६५ च्या सुमारास दोन जर्मन मुद्रकांनी रोमजवळ सुबियाकोच्या मठात छापलेल्या पहिल्या पुस्तकांत सिसेरोही होता.

रंगरेषा:
फक्त प्रसार म्हणजे इटलीतून बाहेर, असं नको. यान व्हान आइक आणि त्याच्या भावाची, आजच्या बेल्जियममधल्या गेंटची वेदीचित्रं १४३२ ची, इटलीचं काही न घेता तेलरंगात केलेली. १४८३ मध्ये फ्लॉरेन्सच्या मेदिची बँकेच्या ब्रूज शाखेच्या पोर्तिनारीने मागवलेलं फ्लेमिश वेदीचित्र फ्लॉरेन्सला पोचलं, आणि दोनच वर्षांत तिथल्या गिरलांदायो या चित्रकाराच्या चित्रात तसेच रापलेले, ओबडधोबड चेहऱ्यांचे मेंढपाळ आले. जर्मन चित्रकार ड्यूरर शिकायला दक्षिणेला इटलीत गेला, तसं हे उत्तरेकडून आलं.

शाईदौत:
क्रिसोलोरास आणि कोंडीचा मुद्दा मान्य, तो मी सोडून दिला होता. भिक्षूंबद्दलही मान्य. तहान आधीची, हे मात्र सोडत नाही.

ओसरी:
मग एकच विचारतो. पेट्रार्ककडची ती न वाचता येणारी होमरची पोथी कुठून आली होती? निकोलाओस सिगेरोस या बायझंटाइन दरबाराच्या दूताने पाठवली होती.

शाईदौत:
खरंय. आणि ती नुसती छातीशी धरून बसवेना, म्हणून पेट्रार्क आणि त्याचा लेखक मित्र बोकाच्चो दोघं भाषांतराच्या मागे लागले. बोकाच्चोने ग्रीक जाणणाऱ्या लिओन्तिउस पिलातुसला फ्लॉरेन्समध्ये स्वतःच्या घरी ठेवून घेतलं आणि त्याच्याकडून होमर लॅटिनमध्ये उतरवून घेतला. १३६० च्या दशकात.