बाबांसाठी मासेमारीची वेताची टोपली आणि हातजाळी : नागपुरात कोण करून देतं?

खामल्याचा_पोरगा
नमस्कार मंडळी. ३० नोव्हेंबरला बाबा रिटायर होऊन राहिले. शाल, घड्याळ, मिक्सर असलं काही आणायचं नाही अशी तंबी आधीच मिळाली आहे. त्यांचं लहानपण पवनीला वैनगंगेच्या काठावर गेलं. गळ टाकून बसणं हा एकच शौक, तो बदल्यांमध्ये राहून गेला. आता कुहीजवळ मावसभावाचं शेततळं आहे, रोहू-कतला सोडलेत, दर रविवारी तिथं जायचा बेत आहे.
प्लास्टिकची बादली आणि फोल्डिंगची जाळी मला द्यायची नाही. हातानं केलेलं हवं. वेताची झाकणवाली टोपली, वेताच्या कड्याची हातजाळी, आणि जमलं तर काठी टेकवायला स्टँड. काठी नको, त्यांच्याकडे आहे. बजेट २०००, ताणून २२००. नागपुरात कोण करतं? काय बघून घ्यावं?

जुना_गळवाला
अभिनंदन बाबांचं. काठीपासून सुरुवात करा. बाकी सगळं दुय्यम. माझ्याकडे २०११ साली लंडनहून आणलेली स्प्लिट केनची काठी आहे. बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या तासून, चिकटवून षटकोनी केलेली, तीन तुकड्यांत, पितळी जोड. तेव्हा भारतीय ३८००० पडले. दोन किलोचा रोहू लागला की ती जी कमान घेते ती फायबरवाल्यांना कळणार नाही. पंधरा-वीस हजारांत जुनी मिळून जाईल.

खामल्याचा_पोरगा
काका, काठी आहे. आणि बजेट २००० आहे.

तर्रीपोहा
दोन हजारात लंडनची काठी नाही, पण काठीवरचं स्टिकर येईल 😀
भाऊ, सरळ महाल-इतवारीकडे जा. सूप, टोपल्या, दुरड्या घेऊन बुरड बसलेले असतात. तीनशे रुपयात काम होते.

बांबू_वाचक
धाग्याच्या शीर्षकातच घोळ आहे म्हणून लिहितो. वेत आणि बांबू एक नव्हे. वेत ही ताडाच्या कुळातली काटेरी वेल, आतून भरीव. बांबू हे गवत, आतून पोकळ. विदर्भाच्या जंगलात बांबू भरपूर, वेत फारसा नाही. बाजारातला बराचसा वेत ईशान्येकडून येतो. बुरडाला जाऊन 'वेताची टोपली' म्हणाल तर तो हसेल आणि बांबूचीच देईल.
आणि गळवाले काका, तुमच्या 'केन'च्या काठीतही वेत नाही. इंग्रज लोक बांबूलाच केन म्हणत. आधी त्या काठ्या कलकत्त्याहून जाणाऱ्या बांबूच्या होत, नंतर चीनच्या ग्वांगडाँगमधला टोंकिन बांबू आला आणि तोच चालला. म्हणजे ३८००० बांबूला दिलेत.

जुना_गळवाला
मी वेत कुठं म्हटलं? वरती वाचा, 'बांबूच्या सहा पट्ट्या' असंच लिहिलंय. आणि टोंकिनची सर आपल्या बांबूला नाही.

बांबू_वाचक
सर नाही कशी? आपल्या गडचिरोली-चंद्रपूरचा मानवेल घ्या. बुडाकडे जवळजवळ भरीव असतो. पोलिसांच्या लाठ्या, तंबूच्या काठ्या त्याच्याच. काठीसाठी त्याहून चिवट काय हवं?

जुना_गळवाला
लाठी आणि गळाची काठी यांत फरक असतो साहेब. लाठीनं मासा मारतात, पकडत नाहीत.

वैनगंगाकाठ
पोरगा टोपली विचारून रायला आन तुमी लाठीवर भांडून रायले.
बाबू, मी पवनीचाच. आमच्या इकडं मासोऱ्यांची टोपली म्हणजे तोंड अरुंद, पोट मोठं, कमरेले बांधाची. तोंड अरुंद काहून, तर मासोरी उसळी मारून बाहेर नाही आली पायजे. झाकणाची गरजच नाही. अर्धी पाण्यात ठेवली तर मासोरी संध्याकाळवरी जित्ती रायते. आमगावकडं, छत्तीसगडच्या शिवेवर, तिले ढुटी म्हणते. तुझ्या बाबाले विचार, त्यायले आठवन असनच.
घेताना एकच पाह. कामट्या पाठीच्या पायजे, म्हणजे बांबूच्या बाहेरच्या चकचकीत सालीच्या. आतल्या गराच्या कामट्या पांढऱ्या, मऊ असते, त्यायले घुण लवकर लागते. नख मारून पाह. नख रुतलं त परत ठेव.

मृण्मयी_धरमपेठ
वैनगंगाकाठ काकांना अनुमोदन. मी अशीच टोपली भावासाठी घेतली होती, अगदी हौसेनं. पहिल्याच फेरीनंतर धुऊन ओलीच पिशवीत घालून माळ्यावर ठेवली त्यानं. महिन्याने काढली तर पांढरी बुरशी आणि असा वास की आईनं थेट बाल्कनीत फेकली. उन्हात आठ दिवस ठेवून वास गेला, पण आता तिच्यात लसूण असतो. छान दिसते मात्र.
सांगायचं काय, टोपली कुठूनही घ्या, पण वापरून झाली की धुवायची आणि उलटी टांगून वाळवायची, सावलीत पण वाऱ्यावर. हे बाबांना सांगा. पुरुष लोक करत नाहीत.

तर्रीपोहा
ताई, पुरुष लोक मासेही साफ करत नाहीत, तो धागा वेगळा काढू.

काटोलचा_संत्रा
कोणी विचारलं नाही म्हणून मी विचारतो. शेततळ्याला कागद आहे का? म्हणजे खाली प्लास्टिक अंथरलेलं आहे का?

खामल्याचा_पोरगा
हो दादा, काळा कागद आहे. तीस बाय तीस मीटरचं तळं, खोली तीन मीटर.

काटोलचा_संत्रा
मग स्टँडचं आधी ऐका. माझ्या साळ्यानं मागच्या वर्षी काठी टेकवायला बांबूचं बेचकं केलं, खाली टोक काढलं आणि बसल्या बसल्या उतारावर खुपसलं. पाचशे मायक्रॉनचा कागद, पण टोकापुढं काय टिकतो. भोक बोटाएवढं. आठ दिवस कळलंच नाही, पाणी उतरून राहिलं तर आम्ही म्हटलं ऊन्ह. शेवटी भोकाच्या पातळीपर्यंत पाणी गेलं तेव्हा दिसलं. कागद जोडणाऱ्या वेल्डिंगवाल्याला बोलवून ठिगळ मारलं, खर्च झाला तो झाला, संत्र्याचं एक पाणी हुकलं. साळ्याला अजून बोलतो मी त्यावरून.
कागदाची कड बांधावर चर खणून मातीत दाबलेली असते. त्या चराच्या बाहेर, पलीकडच्या मातीतच काही रोवायचं. किंवा टोक नसलेलं स्टँड करा, खाली लाकडाची सपाट पाटी.
दुसरं महत्त्वाचं. ओला कागद म्हणजे साबण. त्यावर शेवाळ. पोहणारा माणूससुद्धा आत गेला तर धरायला काही सापडत नाही, दरवर्षी पेपरात येते. बाबा साठीचे असतील. मासा लागला की माणूस आपोआप खाली वाकतो. म्हणून टोपलीपेक्षा जाळीवर पैसे घाला, आणि दांडा किमान सात-आठ फुटांचा घ्या, म्हणजे बांधावर उभं राहूनच मासा उचलता येतो. आणि बांधावरच्या खुंटीला गाठी मारलेला जाड दोर बांधून तळ्यात सोडून ठेवा. हे बजेटमध्ये बसते.

खामल्याचा_पोरगा
दादा, हे डोक्यातच आलं नव्हतं. मावसभावाला आत्ताच फोन केला, दोर नाहीये. धन्यवाद.

नियम_दाखवा
दोर ठीक. पण शेततळं खाजगी आहे म्हणून चालेल. उद्या तेच बाबा सवयीनं अंबाझरीला किंवा एखाद्या मामा तलावावर जाऊन बसतील. बऱ्याच तलावांची मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असते, त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकला तर भांडण. आणि पेंचमध्ये तोतलाडोहला तर विसराच, व्याघ्र प्रकल्प आहे.

वैनगंगाकाठ
मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारायनं बांधलेला, नागपूरच्या पोरायले मामाचा तलाव वाटते.

बांबू_वाचक
जाळीच्या कड्याबद्दल. इथं मात्र खरोखर वेतच हवा, बांबूची जाड कामटी गोल वाकवली तर गाठीवर मोडू शकते. वेताच्या खुर्च्या दुरुस्त करणारे असतात ना, सायकलवर फिरतात किंवा फर्निचरवाल्यांच्या मागं बसतात, त्यांच्याकडे करंगळीएवढ्या जाडीचे उरलेले तुकडे मिळतात. चार-साडेचार फुटांचा तुकडा रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी वर गरम पाणी ओतायचं, बादलीभोवती वळवून दोरीनं बांधून ठेवायचा. चार-पाच दिवसांत वाळला की आकार कायमचा. टोकं दांड्याच्या खाचेत बसवून वरून मेण लावलेला दोरा घट्ट गुंडाळायचा. जाळी तयार घ्या, बिनगाठीची, म्हणजे माशाचे खवले निघत नाहीत. सगळं मिळून मला साडेचारशे पडले.
दांडा बुरडाकडून घ्या, पण यंदाचा तोडलेला नको. बांबू तोडतात पावसाळा संपल्यावर, त्यामुळे आत्ता बाजारात ओला माल येईल. मागच्या वर्षीचा वाळलेला मागा. कोवळा घेतला तर त्यातली साखर-पीठ खायला भुंगा येतो, खाली पिवळी भुकटी पडायला लागली की समजायचं. तीन-चार वर्षांचा जून बांबू हवा. बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात बुडवलेला मिळाला तर उत्तम. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, हे काम शिकलेले कारागीर तिकडं आहेत.

तर्रीपोहा
माझं मत सांगतो, दांडा लांब घ्या. सात-आठ फूट. तळं घसरडं असते.

काटोलचा_संत्रा
वा. कुठं वाचलं?

तर्रीपोहा
अनुभव भाऊ, अनुभव 🙏

मृण्मयी_धरमपेठ
क्राफ्ट मेळ्याला का जात नाही? सिव्हिल लाइन्सला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात भरतो तो. ईशान्येकडचे वेतवाले येतात, माझा मोडा (वेताचं बैठं स्टूल) तिथलाच. अर्थात तो थंडी चांगली पडल्यावर असतो, ३० नोव्हेंबरला उपयोग नाही. पुढच्या वर्षीसाठी लक्षात ठेवा.

खामल्याचा_पोरगा
ताई, रिटायर यंदाच होऊन राहिले 🙂

गोधनीकर
टोपलीबरोबर तरंग (गळाच्या दोऱ्यावर तरंगणारी खुणेची काडी) पण हातानं केलेले द्या. मोरपिसाच्या काडीचा तरंग सगळ्यात भारी, माझ्याकडे डबाभर आहेत.

नियम_दाखवा
मोर राष्ट्रीय पक्षी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२. डबाभर असं जाहीर लिहू नका.

गोधनीकर
गळून पडलेली पिसं आहेत हो! शेतात सापडतात. देशात आपोआप गळलेल्या पिसाला बंदी नाही, बाहेर पाठवायला आहे. आधी वाचून या.

नियम_दाखवा
गळलेलं की उपटलेलं हे वन खात्याला तुम्ही कसं सिद्ध करणार?

गोधनीकर
मोराला साक्षीला आणतो.

वैनगंगाकाठ
मोराची काय गरज जी? ज्वारीच्या धांड्याची साल काढा, आतला गर दोन बोटं कापा, दोरा ओवा. झाला तरंग. पाणी पिऊन जड झाला का दुसरा. आमी उभ्या जन्मात तरंगाले पैसा नाही देला. अन बेचकं तर पळसाच्या फांदीचं फुकट होते.

गोधनीकर
धांडा दोन तासांत बुडतो, काका.

वैनगंगाकाठ
दोन तासांत मासोरी नाही लागली त घरी जा ना.

जुना_गळवाला
एक गोष्ट कुणीच बोललं नाही. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार झालं की रोहू-कतला खाणं कमी करतात. होळीपर्यंत गळ फारसा हलणार नाही. म्हणून घाई करू नका, पैसे साठवा, मार्चमध्ये काठी घ्या.

तर्रीपोहा
काका, तुमची काठी विकायची आहे काय? मोकळ्या मनानं सांगा.

खामल्याचा_पोरगा (१६ नोव्हेंबर)
अपडेट. शनिवारी महालात गेलो. बुरडकाकूंना ढुटीसारखं सांगितलं, वहीवर काढून दाखवलं. म्हणाल्या करून देईन, ३५० रुपये, पण तुळशीचं लग्न झालं की लग्नाच्या दुरड्या-सुपांची गर्दी असते, पंधरा दिवस हात लागणार नाही. म्हणजे ३० तारीख गेली. खुर्चीवाला सापडला, वेताचा तुकडा घेतला, भिजवला, वाकवताना मधोमध तडकला. बहुतेक कमी भिजला.
मग काल रात्री ऑनलाइन आसामी विणकरांची वेताची टोपली मागवली. झाकण आहे, चामड्याचा पट्टा आहे, खांद्याला लटकवता येते. २७५०. बजेट गेलं. जाळी या महिन्यात राहिली.

वैनगंगाकाठ
झाकण कशाले पायजे होतं?

बांबू_वाचक
तुकडा रात्रभर भिजवला होता की 'रात्री भिजवला होता'? गरम पाणी ओतलं होतं का?

खामल्याचा_पोरगा
रात्री अकरा ते सकाळी सहा. गरम पाणी विसरलो.

काटोलचा_संत्रा
२७५० ची टोपली आणि जाळी नाही. मासा वर कशानं काढणार, पट्ट्यानं?

मृण्मयी_धरमपेठ
मला आवडली. फोटो टाका. आणि वाळवायचं सांगा त्यांना.

खामल्याचा_पोरगा (५ डिसेंबर)
टोपली दिली. बाबांनी उलटसुलट करून पाहिली, वीण मोजली, किंमत विचारली, मी आठशे सांगितली. "फसवलं तुला" म्हणाले. रविवारी कुहीला नेली. आत चष्मा, पाण्याची बाटली, भाकरीचा डबा आणि धांड्याचे चार तरंग (स्वतः कापलेले, वैनगंगाकाठ काका). मासा लागला नाही. काटोलचे दादा, सात फुटी दांड्याला दुकानातली साधी जाळी बांधून दिली आहे, ओबडधोबड आहे. दोर बांधला. चारी बाजूंनी.

काटोलचा_संत्रा
गाठी मारल्या?

खामल्याचा_पोरगा
हात-हातभर अंतरावर. एका दोरावर बाबांनी लगेच टॉवेल वाळत घातला.

जुना_गळवाला
सगळं झालं, पण त्यांच्याकडे काठी कोणती आहे ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. फोटो टाका.