९४.१० टक्के कोणाचे?

मंगळवार, १३ मे २०२५

सावंत बी-४०३ (फोटोसह फॉरवर्ड): दहावीचा निकाल ९४.१० टक्के! सरकारच्या शैक्षणिक धोरणाचे घवघवीत यश!! जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.

शिर्के ए-२०२: सावंतसाहेब, गेल्या वर्षी ९५.८१ होता. १.७१ ने घसरलाय. मग याला घवघवीत काय म्हणायचं?

सावंत बी-४०३: तुम्हाला चांगल्यातही खोट काढायचीच असते. साडेचौदा लाख मुलं पास झाली, आधी त्यांचं अभिनंदन करा.

शिर्के ए-२०२: मुलांचं शंभरदा अभिनंदन. पण तुमच्या फोटोत एकही मूल दिसत नाही, सगळे मंत्रीच आहेत.

सेक्रेटरी: राजकारण नको. पार्किंगच्या मीटिंगचा विषय वर राहून गेलाय.

सावंत बी-४०३: शिर्के, तुमच्या आघाडीने काय दिवे लावले होते तेही सांगा.

शिर्के ए-२०२: २०२१. ९९.९५ टक्के. मोडून दाखवा हा विक्रम 😄

सावंत बी-४०३: अहो, परीक्षाच झाली नव्हती! घरबसल्या पास केलं सगळ्यांना.

मुक्ता सी-१०१: काका, ती बॅच माझी. घरबसल्या नाही. नववीच्या निकालाचे ५० गुण, दहावीच्या वर्षभराच्या लेखी कामाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० असा हिशेब होता. नववीत मी टायफॉइडमध्ये पेपर दिले होते, ते मार्क थेट दहावीत येऊन बसले. आता इंटर्नशिपला गेलं की मार्कशीटवरचं साल बघून समोरचा हसतो, "कोरोना बॅच का?" त्या ९९.९५ चं श्रेय कोणाला घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, पण ते हसणंही घेऊन जा.

शिर्के ए-२०२: मुक्ता, तुला उद्देशून नव्हतं गं.

मुक्ता सी-१०१: माहितीये काका. सावंतकाकांचंही नव्हतं. आम्ही नेहमी मध्येच सापडतो.

कुलकर्णी मॅडम ए-१०४: मी बरीच वर्षं दहावीचे पेपर तपासले आहेत, म्हणून बोलते. २०१८ चा निकाल ८९.४१. २०१९ चा ७७.१०. २०२० चा ९५.३०. दोन वर्षांत मुलं आधी ढ झाली आणि मग हुशार झाली, असं कोणाला वाटतं का?

सावंत बी-४०३: २०१९ च्या शेवटी सरकार बदललं. त्यांनी पेपर सोपे काढले असणार.

कुलकर्णी मॅडम ए-१०४: नाही हो. २०१९ च्या परीक्षेला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेने द्यायचे तोंडी-अंतर्गत २० गुण काढून टाकले होते. मराठीचा पेपर ८० चा होता तो १०० चा झाला. निकाल कोसळल्यावर आरडाओरडा झाला आणि २० गुण परत आले. ते काढणारं आणि परत देणारं सरकार एकच, तुमचंच. २०२० ला त्यात भूगोलाची भर पडली. लॉकडाऊनमुळे तो पेपर रद्द झाला, बाकीच्या विषयांच्या सरासरीवर मार्क दिले.

शिर्के ए-२०२: २० गुणांनी एवढा फरक?

कुलकर्णी मॅडम ए-१०४: तोंडीचे २० पैकी १७-१८ शाळेने दिले की लेखीच्या ८० मध्ये तेवढेच पुरतात, ३५ होतात. माझ्याकडे एक गठ्ठा आला होता, त्यात एका मुलाने निबंधाच्या जागी प्रश्नपत्रिकाच उतरवली होती, सुंदर अक्षरात. तसला मुलगाही यात तरतो. कोणताही पक्ष ही तोंडी परीक्षा खरोखर घ्यायला लावत नाही, कारण निकाल खाली आलेला कोणालाच परवडत नाही.

शिर्के ए-२०२: मॅडम, निकाल सोडा. केंद्राच्याच शैक्षणिक निर्देशांकात महाराष्ट्र ९२८ वरून ५८३ वर आला. हे तरी अपयश ना?

सावंत बी-४०३: कोणत्या वर्षी आला तेही लिहा की. २०२१-२२. तेव्हा मुख्यमंत्री कोण होते? 😄

कुलकर्णी मॅडम ए-१०४: दोघंही थांबा. त्या वर्षी निकषच बदलले. १००० पैकी ७०० चा आकडा देशात एकाही राज्याने ओलांडला नाही. आदल्या वर्षी आपण केरळ आणि पंजाबच्या बरोबरीने होतो. फूटपट्टी बदलल्यावर उंची कमी झाली म्हणून रडायचं नसतं.

सावंत बी-४०३: मग मॅडम, तुमच्या मते सरकारला मोजायचं तरी कशाने?

कुलकर्णी मॅडम ए-१०४: शिक्षक किती नेमले त्याने. १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक ते ठरवणारा जीआर वाचा. सहावी ते आठवीत २० पेक्षा कमी मुलं असतील तर शिक्षक शून्य. त्या सप्टेंबरात झेडपीचे शिक्षक सामूहिक रजेवर गेले ते याही रागात. तिथली मुलं तीन-चार वर्षांनी दहावीला बसतील, तेव्हा तुम्ही पुन्हा फोटो टाकाल.

सावंत बी-४०३: पण १२ मुलांना तीन शिक्षक कुठून आणायचे? पानशेतची समूह शाळा बघा. आजूबाजूच्या छोट्या शाळांची मुलं एकत्र आणली आहेत. एकट्या वर्गात कुढण्यापेक्षा ते बरं नाही का?

शिर्के ए-२०२: हा मुद्दा रास्त आहे. पण वस्तीवरून बस रोज येणार का? आमच्या गावाकडे पावसाळ्यात एसटी फाट्यावरच वळते. मुलगे चालत जातात, मुलींची शाळा सुटते.

कुलकर्णी मॅडम ए-१०४: आता कामाचं बोललात.

सावंत बी-४०३: बस नसेल तर शाळा बंद करू नये, इतकं मलाही मान्य आहे. पण म्हणून सगळंच वाईट म्हणू नका.

शिर्के ए-२०२: सगळं वाईट नाही म्हणालो. तुमचा फोटो वाईट आहे म्हणालो.

जाधव सी-३०३: सगळ्यांना नमस्कार. आमच्या ओमला ६४ टक्के मिळाले, गणितात ३७. यंदा अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन आहेत म्हणे. फॉर्म भरताना पसंतीक्रम कसा लावायचा, कोणाला माहीत आहे का?

सावंत बी-४०३: अभिनंदन ओमचं! मला नाही बुवा कळत त्यातलं.

मुक्ता सी-१०१: जाधवकाका, संध्याकाळी येते. मार्कशीटची प्रत काढून ठेवा, आणि कॉमर्स की आर्ट्स ते आधी ओमला विचारून ठेवा.