पीएचडी चालू आहे, त्याशिवाय काय चालू आहे?

सिनॉप्सिस, प्रगती अहवाल, रखडलेली फेलोशिप यावर आपण एरवी भरपूर रडतो. इथे दोनच गोष्टी सांगा: विषय, आजीला सांगाल तसा, आणि विद्यापीठाच्या फाटकाबाहेर तुम्ही काय करता.

सुरुवात माझ्यापासून. अठराव्या शतकातले गावकीचे तंटे, मुक्काम पुणे. रोज मोडी वाचते. दोन शब्दांत जागा नाही, ह्रस्व-दीर्घाचा पत्ता नाही; एकेका ओळीवर कधी अख्खी सकाळ जाते. घरच्यांच्या लेखी ही बिनकामाची विद्या होती. मग 2023 मध्ये कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली आणि मामाने गावभर सांगितलं, आमची भाची मोडी वाचते. तेव्हापासून सुट्टीत गावी गेले की ओसरीवर माणसं बसलेली असतात, पिशवीत घडीवर फाटलेले कागद घेऊन. निम्मे कागद उसनवारीचेच निघतात. एका आजोबांना त्यांच्या पणजोबांनी बैल गहाण टाकल्याचं वाचून दाखवलं, तर म्हणाले, "हे मोठ्यानं नको वाचू."

अर्धा कोयता
विषय: ऊसतोडीतली उचल आणि तिची फेड. आजीला सांगावा लागत नाही, तिचा जन्म फडावर गेलाय. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, एकटा माणूस अर्धा. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून टोळ्या निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल ऊस तोडून फेडायची. हंगाम संपताना अंगावर बाकी राहिली की पुढच्या वर्षीही त्याच्याकडेच. प्रबंधात हे सगळं चार तक्त्यांत बसवलंय.

बाहेरचं आयुष्य म्हणाल तर तेच. डिसेंबरात 'क्षेत्रभेट' म्हणून फडावर जातो, कोपीत आईच्या हातची भाकरी खातो, पहाटे गाडी भरू लागतो. प्रश्नावली भरून घेताना आई म्हणाली, "उचल किती ते तुला ठावं नाही का रं?" ठाऊक होती. फेलोशिपचे अकरा महिन्यांचे पैसे एकदम आले, त्यातून तीच फेडली. आईवडील यंदा गेले नाहीत. माझ्या नमुन्यातलं एक कुटुंब कमी झालं, ते गाइडना कसं सांगायचं कळत नाही.

तीस तबकड्या
नारायणगावजवळ खोडदला आणि आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 तबकड्या आहेत, एकेकीचा व्यास 45 मीटर. त्यांनी टिपलेले पल्सार, म्हणजे ठरावीक ठेक्यात रेडिओ लहरी धाडणारे मेलेले तारे, माझ्या वाट्याला. तिथे मोबाइल बंद ठेवायचा. इतक्या लांबून आलेल्या क्षीण लहरींपुढे तो म्हणजे लाउडस्पीकर. आणि गणपतीच्या आधी दोन महिने नदीपात्रात ढोलपथकाचा सराव, तळहाताला फोड, कानात कापूस. पल्सारचे ठोके आणि ढोलाचे ठोके यांवरचे सगळे विनोद करून झालेत, कृपया नवे नकोत. पथकात मी काय करतो ते फारसं कुणाला माहीत नाही. एकदा ताशावाल्याने पगार विचारला. जेआरएफ फेलोशिपचे महिना 37 हजार सांगितले, तर म्हणाला, "आणि परीक्षा कधी संपणार?"

कातळवेडी
रत्नागिरीकडचे सडे, म्हणजे जांभ्या कातळाची पठारं. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे पिकाला नालायक जमीन, पण पावसाळ्यात येऊन बघा. सीतेची आसवं नावाचं जांभळं नाजूक फूल आहे. वरून देवभोळं, खाली ओल्या मातीत बारीक पिशव्यांनी सूक्ष्म जीव पकडून खातं, कारण कातळावरच्या मातीत नत्राची बोंब. जूनपासून मी तिथे छत्री आणि चौकट घेऊन रोपं मोजत असते. 'गवतावर पीएचडी' हे ऐकायची सवय झालीय.

मे महिन्यात घरच्या बागेत आंब्याच्या पेट्या भरते, तेवढंच बाहेरचं आयुष्य. दोन वर्षांपूर्वी काकांनी सड्याचा तुकडा चिरेखाणीला दिला. माझे तीन प्लॉट त्यात होते. काकांशी बोलणं चालू आहे, त्या विषयावर नाही.

रविवार बंद
जर्मनी, बॅटऱ्यांमधलं लिथियम. करार 65 टक्के वेळेचा, काम किती ते विचारू नका. थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही आणि लॅबमधला ओव्हन बरोबर 30 अंशांवर धरता येतो. अजून मोह आवरलाय.

मी पुन्हा
@अर्धा कोयता, कुटुंब कमी कशाला करता? तक्त्यात 'फेड पूर्ण' असा रकाना असेलच की.

अर्धा कोयता
नव्हता. आज टाकला. सध्या त्यात एकच नोंद आहे.