१९२३ सालची रेडिओवरची एक संध्याकाळ नेमकी कशी ऐकू यायची?

अर्धवट_पटकथा:

मंडळी, एक मदत हवीये. आम्ही चार जण मिळून एक श्राव्य नाटुकलं करतोय, वीसेक मिनिटांचं, काळ १९२३, जागा लंडन. एका घरात पहिल्यांदाच रेडिओ आलाय आणि संध्याकाळी सगळे तो ऐकायला जमलेत, कथानक एवढंच. मी जे लिहिलंय त्यात बटण फिरवलं की खर्रर्र होतं, मग एकदम मोठ्या आवाजात बँड सुरू, घरातले उठून नाचायला लागतात, मधेमधे निवेदक छान घोळवून रेकॉर्डचं नाव सांगतो वगैरे. साउंड बघणारा मित्र म्हणतो वर जुन्या तबकडीची खरखर टाकू, झालं काम. पण वाचताना मला सारखं वाटतंय की हे सगळं सिनेमात बघून लिहिलंय. तेव्हा खरंच काय वाजायचं, कोण गायचं आणि घरात बसून ते कसं ऐकू यायचं, कुणाला माहीत असेल तर सांगा ना. लिंका नकोत प्लीज, त्या वाचून डोकं भणभणलंय.

खडा_आणि_सुई:

पहिलं काम करा, ते नाचणं काढून टाका. १९२३ मध्ये लंडनमधल्या साध्या घरात जो रेडिओ असायचा तो बहुतेक वेळा क्रिस्टल सेट. त्याला ना बॅटरी ना वीज, जी काय ताकद ती एरियलवर आलेल्या लहरींचीच, त्यामुळे आवाज फक्त हेडफोनमध्ये. कर्ण्याचे स्पीकर होते, पण त्यासाठी व्हॉल्व्हचा, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्यांचा सेट लागायचा, तो महाग, शिवाय त्याच्या बॅटऱ्या सांभाळायच्या, त्यातली एक ॲसिडची, ती सांडली की गालिच्याला भोक. म्हणजे तुमच्या घरात बटण फिरवून खर्रर्रही नाही आणि खोलीभर बँडही नाही.

मी असा सेट स्वतः बनवलाय म्हणून सांगतो. गॅलेनाचा एक चकचकीत काळपट खडा असतो, त्यावर बारीक तारेचं टोक टेकवायचं, ती तार इतकी नाजूक की तिला मांजराची मिशी म्हणायचे. खड्यावर सगळीकडे आवाज येत नाही. टोक जरा इकडे, काही नाही, जरा तिकडे, काही नाही, आणि मग अचानक कानात कुणीतरी बोलतंय! माझा पहिल्या दिवशी पाऊण तास गेला त्यात, आणि आवाज सापडला त्याच क्षणी आनंदाने टेबलावर कोपर आपटलं नि सुई सरकली, पुन्हा शून्यापासून सुरुवात. तुमच्या नाटकात हे घ्या. घरात एकजण सुई लावतोय आणि बाकीच्यांना श्वास घ्यायचीसुद्धा बंदी.

अजून एक. हेडफोनला दोन कानपट्ट्या, त्या सुट्या करून दोघांनी एकेक कानाला लावायची पद्धत होती. माणसं जास्त असली तर हेडफोन चिनी मातीच्या वाडग्यात ठेवायचे, वाडगं थोडं घुमतं आणि डोकी जवळ आणली की सगळ्यांना मुंगीएवढा आवाज येतो.

खरखरीबद्दल: क्रिस्टल सेटचा आवाज लहान असतो पण बऱ्यापैकी स्वच्छ असतो. तबकडीची खरखर म्हणजे सुई खाचेतून फिरताना होणारा आवाज, तो रेडिओत कुठून येणार?

तानपुरा_बिघडला:

वरच्यांशी सहमत, पण खरखर अजिबात नव्हती असंही नाही हो, ती वेगळी होती इतकंच. तेव्हाच्या बऱ्याच मायक्रोफोनमध्ये कार्बनचे दाणे भरलेले असायचे, आवाजाने दाणे दाबले जातात आणि करंट कमीजास्त होतो. त्या दाण्यांची स्वतःचीच एक सूं अशी बारीक सुरसुर असते. आणि मधेच दाणे एकमेकांना चिकटून बसायचे, मग आवाज दबायचा, की कुणीतरी येऊन माइकला टिचकी मारायची. दुसरा आवाज लांबच्या विजांचा, टक्... टकटक असा. आणि तिसरा जहाजांचा. ठिणगीवर चालणारी जहाजांवरची जुनी यंत्रं आपल्या लहरीवर नीट राहायचीच नाहीत, आजूबाजूला पसरायची, त्यामुळे बाई तल्लीन होऊन गातायत आणि खालून मोर्स कोडची कडकट्ट कडकट्ट चालू. मित्राला सांगा तबकडीची खरखर काढ आणि हे तीन घाल.

आता गाण्याकडे येते, माझा विषय तोच. सगळं थेट. रेकॉर्ड लावायचे नाही असं नाही, पण लावायचे म्हणजे ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर माइक ठेवायचा! विजेवर मुद्रण करायची पद्धत आली १९२५ मध्ये, त्याआधीच्या तबकड्या मुळातच कर्ण्यात ओरडून भरलेल्या, म्हणजे ऐकणाऱ्याला कर्ण्यातून भरलेलं पुन्हा कर्ण्यातून. त्यापेक्षा समोर बसलेला पियानोवाला कितीतरी बरा. पियानो तर लागायचाच, गायक उशिरा आला, यंत्र रुसलं, कागद हरवला, की बसव पियानोवर कुणाला तरी.

मोठ्या पट्टीत गाणाऱ्या बायकांचं मात्र अवघड होतं. नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय, आणि इथे माइक तोंडासमोर. वरचा सूर जोरात लागला की प्रक्षेपकावर ताण येऊन आवाज फाटायचा, व्हॉल्व्ह उडायचे असेही किस्से आहेत. मग गायकाला माइकपासून लांब उभं करायचं, वरचा सूर आला की त्याने मान वळवायची. अमेरिकेत व्हॉन डी लीथ म्हणून एक बाई होत्या, त्यांनी १९२० च्या सुमाराला यंत्राला सोसेल असं हळू, जवळून, कानात सांगितल्यासारखं गायला सुरुवात केली असं म्हणतात. पुढे ज्याला क्रूनिंग म्हणतात ती सगळी गायकी अशी यंत्राच्या धाकातून निघालेली. मला ही गोष्ट फार आवडते, कारण आपल्याला वाटतं शैली म्हणजे कलाकाराच्या मनातून येते.

आणि १९२० मधलाच मेल्बाबाईंचा किस्सा तर वापराच. १५ जून, इंग्लंडमधल्या चेम्सफर्डचा मार्कोनी कंपनीचा कारखाना, नेली मेल्बा म्हणजे तेव्हाचं ऑपेरातलं केवढं मोठं नाव. एका वर्तमानपत्राने हजार पौंड देऊन गायला आणलं. माइक काय, तर टेलिफोनचं बोलायचं टोक आणि सिगारच्या पेटीचं लाकूड! तिथल्या इंजिनियरने उंच मनोरा दाखवून सांगितलं की बाई, तुमचा आवाज त्या टोकावरून जगभर जाणार, तर म्हणे या उखडल्या, की मी तिथे चढेन असं वाटत असेल तर विसर.

पिट्सबर्गचा_तंबू:

तुम्ही सगळे लंडन लंडन करताय, जरा अमेरिकेतही डोकावा, तिथे जास्त धमाल आहे. पिट्सबर्गच्या केडीकेए स्टेशनने २ नोव्हेंबर १९२० ला निवडणुकीचे निकाल सांगून सुरुवात केली. त्याआधी तिथला फ्रँक कॉनरॅड नावाचा इंजिनियर घरून हौस म्हणून रेकॉर्ड वाजवायचा, घरातल्या संपल्या तेव्हा एका दुकानदाराने उसन्या दिल्या, अट एकच, दुकानाचं नाव घ्यायचं. झाली की नाही जाहिरात!

पण खरी गंमत पुढे. बँड आणला, सभागृहात बसवला, तर सगळं घुमायला लागलं, काही कळेना. मग कारखान्याच्या गच्चीवर तंबू ठोकला आणि बँड त्यात. कापडाच्या भिंती, आवाज घुमायचा प्रश्नच मिटला. फक्त रोज रात्री साडेआठला मालगाडी शिट्टी वाजवत जायची ती पण प्रसारित व्हायची :) नंतर वाऱ्याने तंबू उडाला तर त्यांनी काय करावं, तंबू उचलून खोलीत आणून ठोकला! हळूहळू कळलं की तंबू नको, त्याचं कापडच हवंय, मग भिंतींना जाड पडदे लावले. इंग्लंडमधल्या स्टुडिओंतही तेच, चारी बाजूंनी जाड पडदे. वादकांना त्या खोलीत आपलंच वाजवणं मेल्यासारखं ऐकू यायचं, टाळ्या नाहीत, समोर कुणी नाही.

खडा_आणि_सुई:

@पिट्सबर्गचा_तंबू किस्से भारी आहेत पण क्रिस्टल सेटवर लंडनमध्ये पिट्सबर्ग ऐकू येणार नाही हो. तीसचाळीस किलोमीटर गेलं तरी खूप. लांबचं ऐकायचं तर व्हॉल्व्ह हवा आणि रात्र हवी. दिवसा आकाशातला खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो, सूर्य गेला की तो विरतो आणि वरच्या थरावरून लहरी परत खाली येतात. संध्याकाळच्या कार्यक्रमांची मजा त्यामुळेही वाढायची, अंधार पडला की जग मोठं व्हायचं. आणि व्हॉल्व्हच्या सेटवाला हावरटासारखा आवाज वाढवायला गेला की त्याचा सेट स्वतःच प्रक्षेपक व्हायचा, आणि आख्ख्या गल्लीच्या कानात कुईईई. शेजाऱ्याशी भांडण हवं असेल नाटकात, तर आयतं आहे.

पिट्सबर्गचा_तंबू:

बरं बरं, हरलो. पण शिकागोत दर सोमवारी संध्याकाळी सगळी स्टेशनं मुद्दाम गप्प बसायची, लोकांना लांबची स्टेशनं पकडता यावीत म्हणून, हे तरी ऐकून ठेवा. आजच्या कुठल्या चॅनेलला सांगून बघा असं.

रात्रपाळी:

सगळं वाचलं. किस्से उत्तम आहेत पण मला वाटतं @अर्धवट_पटकथा ला पाहिजे ते कुणी दिलेलंच नाही. त्याच्या नाटकात एक संध्याकाळ आहे, आणि संध्याकाळ म्हणजे कार्यक्रमांच्या मधला वेळही आलाच की. तेव्हाच्या रेडिओत सगळ्यात जास्त काय होतं विचाराल तर रिकामी जागा. आपल्याला आता दोन सेकंद आवाज गेला तर वाटतं नेट गेलं. तेव्हा एक गाणं झालं की बाजा उचलून दुसरा वादक येईस्तोवर लोक नुसते थांबायचे, पावलं ऐकू यायची, खुर्ची सरकलेली ऐकू यायची.

काही ठिकाणी तर गप्प बसायचा नियमच होता. १९२२ च्या फेब्रुवारीपासून इंग्लंडमधल्या रिटल गावात सैन्याच्या जुन्या झोपडीतून टूएमटी नावाचं स्टेशन मंगळवारी संध्याकाळी अर्धा तास चालायचं. पोस्ट खात्याची अट अशी की दर दहा मिनिटांत तीन मिनिटं बंद करून कान द्यायचा, सरकार थांबा म्हणतंय का. पीटर एकर्सली तिथला इंजिनियर, वल्ली माणूस, ऑपेराची नक्कल करत वेडंवाकडं गायचा, लोक त्याच्यासाठीच ऐकायचे. नंतर तोच बीबीसीचा पहिला मुख्य इंजिनियर झाला.

त्याच्याही आधी, ६ नोव्हेंबर १९१९, नेदरलँड्समधलं हेग. इड्झेर्डा नावाच्या इंजिनियरने आदल्या दिवशी पेपरात जाहिरात दिली की उद्या रात्री ८ ते ११ रेडिओवर संगीताची मैफल आहे, ज्याच्याकडे साधा सेट असेल त्याने ऐकावी. जाहिरात देऊन ठरल्या वेळी कार्यक्रम, तोही सर्वांसाठी, म्हणजे आज आपण प्रसारण म्हणतो तेच. त्याला विकायचे होते सेट, आणि सेट कोण घेणार जर ऐकायला काही नसेल तर. इंग्लंडमधले लोक ते डच कॉन्सर्ट म्हणून ऐकायचे, त्यासाठी पैसेही पाठवायचे. तरी १९२४ मध्ये तो बुडालाच. १९४४ मध्ये जर्मन रॉकेटचे अवशेष बघायला गेला आणि जर्मनांनी धरून गोळी घातली.

पण तुझ्यासाठी मी १९ मे १९२४ सुचवेन. बिअॅट्रिस हॅरिसन नावाची चेलोवादक (चेलो म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं मोठं वाद्य), इंग्लंडमधल्या सरेमधलं तिचं घर. बागेत ती चेलो वाजवायची तेव्हा एक नाइटिंगेल तिच्यासोबत गायचा, ते प्रसारित करा म्हणून बीबीसीच्या मागे लागली. शेवटी माइक, तारा सगळं बागेत नेलं, रात्री ती वाजवायला बसली. पक्षी गाईना. ती वाजवतेय, लोक कानाला हेडफोन लावून बसलेत, पक्षी गप्प. वेळ संपत आली तेव्हा कुठे एकदाचा बोलला. पुढे कित्येक वर्षं मे महिन्यात बीबीसी हा कार्यक्रम करत राहिली. तुझं सगळं नाटक त्या वाट बघण्यात आहे, बँड वगैरे राहू दे.

तानपुरा_बिघडला:

अहो पण २०२२ मध्ये बातमी आली होती ना की तो पक्षी नव्हताच, पक्ष्यांच्या आवाजाची नक्कल करणारी एक बाई होती म्हणून?

रात्रपाळी:

दावा झाला होता, हो. आणि तो खोडणारेही आहेत. नाटकाला काय फरक पडतो? घरातल्यांनी तर पक्षीच ऐकला.

तानपुरा_बिघडला:

फरक पडतो की, मला पडतो :) पण ठीके, नाटकापुरतं सोडते.

अर्धवट_पटकथा:

बाप रे, तुम्ही लोकांनी रात्र सार्थकी लावली. नाच गेला, बटण गेलं, साउंडवाला मित्र सध्या जहाजाचा मोर्स शोधतोय. मी साल १९२४ करतोय. सुरुवात सुई लावण्यात, मग शेजाऱ्याची कुई, मग चेलो, आणि मग बराच वेळ नुसती सुरसुर. मित्राला भीती आहे की इतका वेळ शांतता ठेवली तर ऐकणारे बंद करून निघून जातील. पक्षी शेवटी किती सेकंद ठेवू, आणि किती मोठा?

खडा_आणि_सुई:

मोठा अजिबात नको. आणि सेकंदांचं नंतर बघा, आधी एक ठरवा, तुमची पात्रं चार आणि कानपट्ट्या दोन. ऐनवेळी वाडग्यात ठेवायला गेलात तर सुई हलणार. पक्षी गायला लागतो तेव्हा कुणाच्या कानाला काही नाहीये?

अर्धवट_पटकथा:

...आजीच्या. सुई तिनेच धरून ठेवलीये.